राजाच्या वाड्यातले कॉलेज

देकार्त या तत्त्वज्ञावर आमच्या पेपरात दहा गुणांचा प्रश्न हमखास येतो. गाईडमध्ये त्याचे उत्तर दीड पानाचे आहे. जन्म १५९६, मृत्यू १६५०, आधुनिक तत्त्वज्ञानाचा जनक, संशयाची पद्धत, आणि ते साऱ्या जगाला पाठ असलेले एक वाक्य. तो ला फ्लेश नावाच्या गावी जेझुइट पाद्र्यांच्या कॉलेजात शिकला, एवढी माहिती सुरुवातीलाच एका ओळीत उरकलेली असते. त्या ओळीवर प्रश्न येत नाही, म्हणून ती कुणी वाचत नाही. मी मात्र नेमकी तिथेच अडले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे असा एखादा थोर माणूस पुस्तकात भेटला, की त्याने काय शोधून काढले याच्या आधी माझ्या मनात येते, हा शिकला कुठे? याला तिथे कुणी घातले? आणि फी कुणी भरली?

तर त्या एका ओळीची ही गोष्ट.

ला फ्लेश हे पश्चिम फ्रान्समधले, ल्वार नदीच्या काठचे एक लहान गाव. नकाशात ठळक दिसणारी मोठी ल्वार ती ही नव्हे. ही तिची धाकटी नावबहीण. फ्रेंच लोक दोघींची नावे वेगळी लिहितात आणि सारखी उच्चारतात. आपल्या मराठीत तर लिहिण्यातही फरक उरत नाही! या गावात फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्या घराण्याचा वाडा होता. त्याचे आईवडील काही काळ तिथे राहिलेले. हाच वाडा राजाने १६०३ साली जेझुइटांना कॉलेज काढण्यासाठी देऊन टाकला आणि १६०४ मध्ये तिथे वर्ग सुरू झाले.

राजाने वाडा दिला यात नवल ते काय, असे वाचकांना वाटेल. आपल्याकडेही संस्थानिकांनी शाळांना वाडे दिलेच की. पण इथे नवल आहे. अवघ्या नऊ वर्षांपूर्वी, १५९४ च्या डिसेंबरात, विशीही न गाठलेल्या झाँ शातेल नावाच्या मुलाने या राजावर सुरा चालवला होता. वार ओठावर बसला, दात तुटला, राजा वाचला. शातेल हा जेझुइटांच्या पॅरिसमधल्या कॉलेजात शिकलेला निघाला. मग काय विचारता! शातेलला देहान्त मिळालाच, पण एका जेझुइट अध्यापकालाही फासावर चढवले आणि पॅरिसच्या न्यायसभेने साऱ्या संघाला हद्दपार केले. ज्यांच्या विद्यार्थ्याने आपल्यावर सुरा उगारला त्यांनाच राजाने परत बोलावले, आणि राहायला स्वतःच्या घराण्याचा वाडा दिला.

याला कुणी राजाचे औदार्य म्हणते. मला ते तेवढेच वाटत नाही. हेन्री मुळात प्रॉटेस्टंट पंथाचा. १५९३ साली तो कॅथलिक झाला, तेव्हा कुठे पॅरिसचे दरवाजे त्याला उघडले. कॅथलिकांच्या मनातली शंका त्याला घालवायची होती आणि जेझुइटांसारखी शिकलीसवरलेली माणसे शत्रूच्या गोटात राहण्यापेक्षा आपल्या अंगणात बरी, हेही त्याला कळत होते. परत येण्याच्या परवानगीबरोबर अटीही होत्या. संघाचा एक पाद्री कायम दरबारी ठेवायचा, ही त्यांतली एक. एका अर्थी तो ओलीसच. शिवाय ला फ्लेशचा कारभारी ला वारेन राजाच्या मर्जीतला. हा गृहस्थ राजघराण्याच्या मुदपाकखान्यातून वर चढला होता, असे म्हणतात. आपल्या गावाचे भले व्हावे म्हणून त्याने राजाच्या कानी हा विषय घातला. कॉलेज काढण्यामागे अशी नाना प्रकारची कारणे असतात. पुढे त्या वर्गांत जो येऊन बसतो त्याला ती ठाऊक नसतात आणि त्याचे काही अडतही नाही.

जेझुइटांचा संघ स्थापन झाला १५४० साली. मुलांना शिकवणे हेच पुढे त्यांचे मोठे काम झाले. कोणत्या वर्गात काय आणि कसे शिकवायचे, याचा त्यांनी १५९९ साली एक पक्का आराखडाच छापला. आधी व्याकरणाचे वर्ग, मग साहित्य, मग वक्तृत्व, आणि शेवटची तीन वर्षे तत्त्वज्ञानाची. सारे काही लॅटिनमधून. वर्गात बोलायचे तेही लॅटिन. वर्गाचे दोन तट पाडायचे, एक रोमचा आणि एक कार्थेजचा, आणि त्यांच्यात प्रश्नोत्तरांची लढाई लावायची. नाटके बसवायची. छडी मारायचीच झाली तर ती पाद्र्याने मारायची नाही, त्यासाठी बाहेरचा माणूस ठेवायचा! (हा नियम वाचून मला फार हसू आले. आमच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना असला मदतनीस कधीच लागला नाही.) आणि मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की शिकवण्याची फी नव्हती. वसतिगृहात राहणाऱ्याने जेवणाखाण्याचे पैसे द्यायचे. गावातल्या मोच्याचा मुलगा घरून येऊन नुसता शिकणार असेल तर त्याला पडत होते शून्य. त्यासाठी राजाने कॉलेजला उत्पन्ने लावून दिली होती. काही वर्षांतच तिथे हजाराहून अधिक मुले झाली.

लॅटिनवरून एक आठवले. याच संघाचा थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला. त्याने लिहिलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. ते आपल्या मराठीत आहे, ओवीत आहे. मराठीच्या तासाला आम्ही त्याचे नाव ऐकतो. इकडे साष्टीत लोकांपर्यंत पोचायचे म्हणून जेझुइट ओव्या रचत होता, आणि त्याच सुमारास तिकडे ला फ्लेशला त्याचे बांधव फ्रेंच मुलांना वर्गात फ्रेंच बोलू देत नव्हते. कुणाशी कोणत्या भाषेत बोलायचे हे ज्याचे त्याने सोयीने ठरवलेले असते. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मैत्रिणींशेजारी बसून मी हे वाचत होते, म्हणून जरा जास्तच लागले.

राजाने कॉलेजला आणखी एक वस्तू देऊ केली होती, ती म्हणजे स्वतःचे हृदय. आपल्या मृत्यूनंतर ते ला फ्लेशच्या प्रार्थनामंदिरात ठेवावे, अशी त्याची इच्छा होती. १४ मे १६१० रोजी पॅरिसच्या रस्त्यात, गाडीत बसलेल्या राजाला राव्हायाक नावाच्या माणसाने भोसकून ठार केले. जूनच्या सुरुवातीला त्याचे हृदय मिरवणुकीने ला फ्लेशला आणले गेले. कॉलेजच्या मुलांमध्ये तेव्हा चौदा वर्षांचा रने देकार्त होता. पुढच्या वर्षी, १६११ साली, राजाच्या पहिल्या पुण्यतिथीला मुलांच्या कवितांचा संग्रह निघाला. त्यात एक सुनीत आहे, राजाच्या मृत्यूवर आणि गॅलिलिओने गुरूभोवती नव्याने पाहिलेल्या चंद्रांवर. गॅलिलिओचा तो शोध छापून आला होता मार्च १६१० मध्ये. वाहतुकीला घोड्यांपलीकडे काही नसताना एवढ्या आडगावच्या कॉलेजात ती बातमी वर्षभरात कवितेत उतरली! ते सुनीत देकार्तचेच, असा तर्क काहींनी केला आहे. त्याला पुरावा नाही आणि असायची गरजही नाही. कुणा का मुलाचे असेना, त्या मुलाला गुरूचे चंद्र ठाऊक होते.

देकार्त तिथे १६०६-०७ च्या सुमारास आला आणि आठ-नऊ वर्षे राहिला. त्याचे वडील ब्रिटनी प्रांताच्या न्यायसभेचे सदस्य, म्हणजे घरचा सुखवस्तू. प्रकृती नाजूक, म्हणून त्याला सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहण्याची मुभा होती, असे त्याच्या जुन्या चरित्रकाराने लिहिले आहे. ही सवय त्याला जन्मभर राहिली आणि त्याचे पुष्कळसे चिंतन अंथरुणातच झाले. आमच्याकडे पहाटे पाचला नळ येतो. एकाही पहाटे मला अंथरुणात पडून चिंतन करता आलेले नाही.

१६३७ साली त्याचे पद्धतीवरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. त्यात त्याने आपल्या शिक्षणाचा हिशेब मांडला आहे. युरोपातल्या नामांकित कॉलेजात मी शिकलो, सांगितलेले सगळे वाचले, आणि शेवटी हाती आल्या त्या शंका. गणिताने तेवढे समाधान दिले. गुरूंच्या ताब्यातून सुटलो तशी पुस्तकी विद्या बाजूला ठेवली. हे वाचले की वाटते, झाले, याने शाळेला लाथ मारली. पण गंमत अशी की हेच पुस्तक त्याने आपल्या जुन्या जेझुइट गुरूला आदराने पाठवले. आणि पुढच्याच वर्षी एक पत्र लिहिले. मला सगळ्या देकार्तमध्ये ते पत्र सर्वांत जवळचे वाटते.

देकार्त तेव्हा हॉलंडमध्ये राहत होता. एका गृहस्थाने त्याला विचारले, मुलाला तत्त्वज्ञान शिकायला कुठे घालू? देकार्तने सप्टेंबर १६३८ मध्ये उत्तर दिले. तत्त्वज्ञानात जे शिकवतात ते सगळे खरे असतेच असे नाही, पण इतर विद्यांची ती किल्ली आहे, म्हणून सगळा अभ्यासक्रम एकदा शिस्तीत पार पाडलेला बरा. आणि तो ला फ्लेशइतका चांगला कुठे शिकवत नाहीत. तिथे फ्रान्सच्या कानाकोपऱ्यातून मुले येतात, नाना स्वभावांची मुले एकत्र राहिली की प्रवास केल्याचा फायदा घरबसल्या होतो. आणि जेझुइट सर्वांना समानतेने वागवतात, अगदी मोठ्या घरच्या मुलाला आणि अगदी साध्या घरच्या मुलाला जवळजवळ सारखेच.

हे पत्र मला भावले त्याला कारण आहे. माझे वडील बाजार समितीत तोलार आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर हमाली करणारे एक मामा संध्याकाळी घरी आले. चहा झाला, पावसापाण्याचे बोलणे झाले, आणि मग ते अण्णांशी न बोलता माझ्याकडे वळले.

"पोरी, तू कालेजात जातीस, तुला ठावं. आमच्या पोरीला बारावीनंतर तुझ्याच कालेजात घालू का?"

उभ्या आयुष्यात मला इतक्या मोठ्या माणसाने सल्ला विचारला नव्हता. अण्णाही माझ्या तोंडाकडे बघत होते. मला काय काय आठवले! अकरावीला मी जिथे होते तिथे शिष्यवृत्तीवाल्या मुलांची नावे भर वर्गात मोठ्याने पुकारून त्यांना उभे करीत, आणि सगळ्यांची नोंद होईपर्यंत बसू देत नसत. ते दिवस आठवले. आताच्या कॉलेजचे आठवले. ग्रंथालय लवकर बंद होते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही उणेपुरे सात जण. इथे शिकून नोकरी लागेल का, याचे उत्तर माझ्याकडे नाही. पण हेही आठवले, की मोटारसायकलवरून येणाऱ्या बागायतदाराच्या मुलाच्या आणि माझ्या ट्यूटोरियलवर एकाच लाल पेनाने सारख्याच निर्दयपणे रेघा ओढलेल्या असतात. तो बागायतदाराचा म्हणून त्याची चूक सुटत नाही, मी तोलाराची म्हणून माझी पोटात घालत नाहीत. मी मामांना दोन्ही बाजू सांगितल्या. मग म्हणाले, "घाला."

देकार्तचे पत्र मी त्यानंतर वाचले. त्याने चारशे वर्षांपूर्वी तोच हिशेब केला होता, म्हणून बरे वाटले. पण पुन्हा वाचताना एक गोष्ट टोचू लागली. तिथे सगळे समान होते हे सांगतो कोण? तर उशिरा उठण्याची मुभा मिळालेला मुलगा! गावातल्या मोच्याच्या मुलाला कुणी विचारले असते तर त्याने काय सांगितले असते? त्याचे पत्र उरलेले नाही. देकार्त खोटे बोलतो असे मला म्हणायचे नाही. 'जवळजवळ' हा शब्द तर त्याने स्वतःच घातला आहे. मात्र सवलत ज्याला मिळते त्याला ती सवलत वाटत नाही, हवेसारखी वाटते. समानता किती आहे हे मागच्या बाकावरून जास्त नीट दिसते. तरीही त्याची ती ओळ मला हवी आहे. १६३८ साली, उमरावांच्या फ्रान्समध्ये, कॉलेजची शिफारस करताना एखाद्याला इमारत, राजाचे नाव, राजाचे हृदय यांतले काहीही न सुचता ही गोष्ट सुचावी, हे थोडे नाही.

आणि मुली? त्या हजारांत एकही मुलगी नव्हती. पद्धतीवरचे पुस्तक त्याने लॅटिन सोडून फ्रेंचमध्ये लिहिले. त्याचे एक कारण त्याने ला फ्लेशच्याच व्हातिए नावाच्या पाद्र्याला त्याच १६३८ साली कळवले होते, स्त्रियांनासुद्धा त्यातले काही समजावे म्हणून. त्या 'सुद्धा'वर आम्ही सात जणांत (पैकी पाच मुली) एक तास वाद घातला. पुढे १६४३ पासून राजकन्या एलिझाबेथ त्याला पत्रे लिहू लागली आणि मन जर देहाहून अगदी वेगळे, तर ते देहाला हलवते कसे, असा सरळ प्रश्न तिने विचारला. देकार्तला त्याचे समाधानकारक उत्तर अखेरपर्यंत देता आले नाही, असे आमच्या सरांचे मत आहे आणि माझेही आहे. ला फ्लेशला तिला प्रवेश मिळाला नसता.

पुढच्या शतकात त्या गावात आणखी एक तरुण आला, स्कॉटलंडचा डेव्हिड ह्यूम. तो विद्यार्थी नव्हता. राहायला स्वस्त आणि वाचायला ग्रंथालय, म्हणून १७३५ ते १७३७ तो तिथे राहिला आणि पंचविशीच्या आसपास मानवी स्वभावावरचा आपला मोठा ग्रंथ त्याने तिथे लिहिला. कॉलेजच्या ओवरीत फिरताना एक पाद्री त्याला मठात घडलेला चमत्कार सांगत होता. त्याला उत्तर देता देता चमत्कारांविरुद्धचा आपला प्रसिद्ध युक्तिवाद सुचला, असे ह्यूमने पुढे एका पत्रात लिहिले आहे. पाद्र्याने तो ऐकून घेतला आणि म्हणाला, हा युक्तिवाद बरोबर असूच शकत नाही, कारण तो मग बायबललाही लागू पडेल! पण त्याने ह्यूमला ग्रंथालयातून हाकलले नाही. याच कॉलेजात तेव्हा दोलू नावाचा वृद्ध जेझुइट राहत होता. तो १६८७ साली सयामला गेलेला, पुढे आपल्या पाँडिचेरीत वर्षानुवर्षे राहिलेला. 'मी' नावाची एकसंध वस्तू नाहीच, हा ह्यूमचा विचार बुद्धाच्या अनात्मवादाशी जुळतो. मग तो अशा माणसांच्या बोलण्यातून त्याच्या कानी आला असेल का, असा प्रश्न ॲलिसन गॉपनिक या अभ्यासिकेने २००९ साली मांडला. हा तर्कच आहे. आमच्याकडे भारतीय आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे पेपर वेगळे, वह्या वेगळ्या. त्या दोन वह्या एका ओवरीत एकत्र फिरल्या असतील, हा विचार मात्र मला सोडवत नाही.

असो. जेझुइटांचे दिवस भरत आले होते. पोर्तुगालने १७५९ साली त्यांना आपल्या मुलखातून काढले; गोव्यातूनही ते गेले. १७६२ मध्ये पॅरिसच्या न्यायसभेने त्यांची कॉलेजे बंद केली. एकशे अठ्ठावन्न वर्षे चाललेले कॉलेज असे एका फर्मानाने संपले. राजाच्या मर्जीने आलेले राजसत्तेच्या मर्जीने गेले. १७६४ पासून वाड्यात सैनिकी शिक्षणाची तयारी करणाऱ्या मुलांची शाळा भरू लागली. १७७६ मध्ये ती दुसऱ्या एका धर्मसंघाकडे गेली. १७९३ साली क्रांतिकारकांनी हेन्रीचे हृदय बाहेर काढून गावच्या चौकात जाळले. गावातल्या एकाने राख गोळा करून ठेवली म्हणून ती उरली आणि राजेशाही परतल्यावर पुन्हा मंदिरात ठेवली गेली. १८०८ मध्ये नेपोलियनने तिथे लष्करी विद्यालय आणले, ते आजही चालू आहे. जेझुइटांच्या काळातली पुस्तके त्याच्या ग्रंथालयात अजून आहेत. देकार्तची पुस्तके १६६३ साली रोमने निषिद्ध यादीत घातली होती. आता त्याच्या नावावर ला फ्लेशला अभिमान आहे, आणि तिथे मुलीही शिकतात.

मामांच्या मुलीचा प्रवेश झाला. अर्ज भरताना मी शेजारी बसले होते. 'वडिलांचे शिक्षण' या रकान्याशी ती थांबली नाही. मी पहिल्या वर्षी बराच वेळ थांबले होते. तत्त्वज्ञान घे, असे मी तिला सांगून पाहिले. पण तो तास शेवटचा असतो आणि तिची एस.टी. चुकते. म्हणून तिने समाजशास्त्र घेतले आहे.